थंडीतली तिरपी उन्हे

हैदराबादेत कॅमेरा घेऊन पायी हिंडायचे दिवस म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे तीन महिने. शहर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरपेक्षा उंचावर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. त्यामुळे डिसेंबरात पहाटेचा पारा १४-१५ अंशांपर्यंत उतरतो आणि शहराबाहेर कधी कधी १० च्याही खाली जातो. एक स्वेटर आणि मफलर एवढ्यावर भागते, चार तास चालूनही दमायला होत नाही. हवा सुखद असते हे खरेच, पण फोटो काढणाऱ्याला या दिवसांची ओढ लागते ती उन्हामुळे.

हैदराबादचे अक्षांश साधारण साडेसतरा अंश उत्तर. मे महिन्याच्या ९ तारखेच्या आसपास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला इथे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४९ अंश वर चढतो. पाच फुटी माणसाची सावली ऐन दुपारी चार फुटांहून लांब पडते. सकाळी आठ वाजता सूर्य मे महिन्यात ३० अंशांवर असतो, डिसेंबरात अवघा १६ अंशांवर. तेव्हा सावली वस्तूच्या साडेतीन पट असते. उन्हाळ्यात जो उजेड सूर्योदयानंतर तासभरात हातातून निसटतो, तो थंडीत नऊ-साडेनऊपर्यंत रेंगाळतो. त्यात सूर्योदयच पावणेसातच्या सुमारास होत असल्याने पहाटे चारचा गजर लावावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट घडते. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी तिच्यावर राहते. धूळ, चुलीचा आणि वाहनांचा धूर, तलावावरची वाफ असे सारे त्या झाकणाखाली अडकते. फुप्फुसांना हे वाईटच. पण तिरपे ऊन त्या धुरकटीतून आले की उन्हाचे पट्टे डोळ्यांना दिसू लागतात आणि दूरची इमारत जवळच्या इमारतीपेक्षा फिकट होत जाते. चित्रकार पातळ रंगांचे थर देऊन जी खोली साधतो, ती इथे हवाच साधून देते. अशा वेळी कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप धुक्याचा पांढरेपणा पाहून फोटो काळवंडून टाकते, म्हणून उजेड एका टप्प्याने वाढवून घ्यावा लागतो.

सकाळची फेरी अफझलगंजपासून सुरू करणे सोयीचे. मुसी नदीवरच्या नया पुलावर उभे राहिले की थंडीतल्या सूर्याचा सारा हिशेब समोर मांडलेला दिसतो. या दिवसांत सूर्य नेमक्या पूर्वेला न उगवता आग्नेयेकडे सुमारे २५ अंश सरकून उगवतो आणि दिवसभर आकाशाच्या दक्षिण भागातून फिरतो. त्यामुळे नदीच्या उत्तर काठावरच्या उस्मानिया रुग्णालयाची नदीकडची बाजू उन्हात न्हालेली असते, तर समोरच्या काठावरच्या उच्च न्यायालयाची नदीकडची बाजू सावलीत राहते. दोन्ही इमारती व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाच्या आराखड्यातून विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात उभ्या राहिल्या. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुराने काठांवरची वस्ती धुऊन नेल्यानंतर शहर नव्याने रचले गेले, त्या काळातल्या या खुणा आहेत. पुढच्या पत्थरगट्टीच्या दगडी कमानींची दुकानेही १९१२ मध्ये स्थापन झालेल्या नगरसुधार मंडळाने बांधलेली. सकाळी सातला तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, आणि कमानींच्या सावल्यांची रांग रिकाम्या पदपथावर पडलेली असते. दहानंतर हे दृश्य मिळत नाही.

उत्तरेकडून चारमिनारकडे जाणारा माणूस थंडीत नेहमीच सूर्याच्या दिशेने चालतो, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. गुलजार हौजापाशी थांबून समोर कॅमेरा रोखला की १५९१ ची ती वास्तू काळी आकृती होऊन जाते, आणि तिच्यामागे झळाळते आकाश. तसा फोटो हवा असेल तर उत्तमच. दगड आणि चुना पाहायचा असेल तर मात्र वास्तूला वळसा घालून दक्षिणेला, शहा अली बंड्याच्या बाजूला जावे आणि मागे वळून पाहावे. सकाळचे ऊन तेव्हा उजवीकडून आणि किंचित पाठीमागून येते. मिनारांच्या बुडाशी चुन्यात घडवलेल्या पाकळ्या आहेत. दुपारच्या सपाट उजेडात त्या नुसत्या रेघा वाटतात. आठ वाजताच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पाकळीची एक कड उजळते, दुसरी कड काळवंडते आणि मधला उठाव बोटांनी चाचपता येईल असा वाटतो. कुठे चुन्याची खपली पडून आतला खडबडीत भाग उघडा झालेला, कुठे नव्या डागडुजीचा वेगळा पांढरा रंग. चारशे तीस वर्षांत या वास्तूवर किती हात फिरले, हे अशा वेळी फोटोतच वाचता येते. इथे भिंगाची किंमत गौण ठरते. उभे राहायची जागा आणि घड्याळ यांनाच महत्त्व.

अशा फेरीला सोबती असावा. कॅमेरा डोळ्याला लावला की माणसाचे जग चौकटीएवढे होते. डावीकडून येणारी रिक्षा, मागे उघडत असलेले बांगड्यांचे दुकान, मक्का मशिदीच्या अंगणातून एकदम उठलेला कबुतरांचा थवा त्याला दिसत नाही. ते सोबत्याला दिसते. शिवाय दोघे असले की एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने काढायचे, अशी वाटणी आपोआप होते. रस्त्यावरच्या माणसाचा फोटो त्याला विचारूनच काढावा, आणि विचारायचे तर आधी चार शब्द बोलावे लागतात. सीताफळांची टोपली घेऊन बसलेली बाई, पतंगाचा मांजा गुंडाळणारा पोरगा, शालीत गुरफटलेले म्हातारेबुवा गप्पांत रंगले की चेहऱ्यावरचा ताठरपणा जातो. कुणाला फोटो नको असेल तर उत्तर येते, ‘नक्को’. हा शब्द दख्खनी बोलीने मराठीकडूनच घेतला आहे, तसाच जोर देणारा ‘च’ही: ‘मैंच’, ‘यहींच’. मराठी माणसाला परक्या गल्लीत आपलाच शब्द ऐकून आनंद होतो; पण नकार तो नकार, तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा.

नऊच्या सुमारास चहा. चारमिनारच्या पायथ्याशी आणि मदिना चौकाच्या परिसरात इराणी हॉटेले आहेत. इराणी चहात पत्तीचा अर्क झाकून मंद आचेवर मुरवतात, दूध वेगळे आटवतात आणि दोन्ही कपातच एकत्र करतात. सोबत उस्मानिया बिस्कीट, किंचित गोड, किंचित खारे. ‘वन बाय टू’ सांगितले की एक चहा दोन कपांत येतो. आत शिरताच एक अडचण हमखास येते: बाहेर गार पडलेल्या भिंगावर आतल्या दमट, उबदार हवेतली वाफ जमते आणि समोरचे सारे दुधाळ होते. फडक्याने घासू नये. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून दहा मिनिटे बोलत बसावे, भिंग खोलीइतके उबदार झाले की पडदा आपोआप विरतो. मग दाराकडे पाठ करून बसलेल्या मित्राच्या कपावरची वाफ टिपता येते. वाफ समोरून उजेड पडला तर दिसत नाही; मागून उजेड आणि पाठीमागे काळोख असेल तरच तिचे वेटोळे उठून दिसते. भट्टीजवळचे काळवंडलेले कोपरे त्यासाठी सर्वांत चांगले.

मित्राचा चेहरा टिपायचा असेल तर चारमिनारच्या उत्तर बाजूला यावे. थंडीत तिथे दिवसभर थेट ऊन पडत नाही, आकाशाचा मऊ उजेड तेवढा येतो. डोळे मिचकावावे लागत नाहीत आणि नाकाखाली काळी सावली पडत नाही. जुन्या स्टुडिओंना काचेचे छप्पर उत्तरेकडे असायचे ते याच कारणाने.

हैदराबादेत उजेडाचे हे शास्त्र मोठ्या प्रमाणावर वापरले ते छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ मध्ये जन्मलेले दीनदयाळ रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि इंदूरला बांधकाम खात्यात लागले. फोटोग्राफी हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. तो वाढला इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या आश्रयाने. त्यांच्या कामाची ही पहिली कदर एका मराठी दरबारात झाली, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. १८८० च्या दशकात त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ थाटला, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब त्यांना मिळाला. १८९६ मध्ये मुंबईतही त्यांचा स्टुडिओ निघाला. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ मध्ये वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तो एक इंग्रज बाई चालवत असे. १९०५ मध्ये ते वारले. त्यांच्या जवळपास ३ हजार काचेच्या प्लेटा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. तिकाटणे, लाकडी पेटी, काचा आणि चार मदतनीस घेऊन त्यांना हिंडावे लागे. एक प्लेट वाया गेली तर परत मांडामांड, म्हणून ऊन कुठून येते आहे हे आधी नीट पाहूनच झाकण उघडायचे. आजच्या माणसाने दिवसभरात छत्तीसच फोटो काढायचे असे ठरवले, तरी त्या पाहण्याची थोडी सवय लागते.

दुपारचे ऊनही थंडीत सोसवते, म्हणून अकरा-बारानंतर गल्ल्या बऱ्या. सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार, काचीगुडा हा जुना मराठी भाग. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना शिक्षण, नोकरी आणि वकिलीसाठी आलेली कुटुंबे इथे स्थिरावली. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये विवेक वर्धिनी शाळा निघाली, १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. १९१६ चे काचीगुडा स्थानक तर अनेक घरांच्या आठवणीत आहे. मीटरगेजवरची गाडी इथूनच परभणी, औरंगाबादमार्गे मनमाडला जाई. या भागात भव्य असे काही शोधू नये. देवनागरी पाट्या, अरुंद जिने, वाळत घातलेल्या नऊवारी अशा गोष्टी टिपाव्यात. त्या दर वर्षी कमी होत आहेत, आणि कुणीतरी त्या टिपून ठेवायलाच हव्यात.

साडेतीननंतर शहराच्या पश्चिमेला, खाजागुड्याच्या खडकांकडे जावे. हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे अडीच अब्ज वर्षे जुना. जमिनीखाली गोठलेल्या या खडकाला उभ्याआडव्या भेगा पडल्या, त्यांतून पाणी झिरपत गेले, कोपरे आधी झिजले आणि गोल धोंडे एकमेकांवर तोललेले राहिले. काहींवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटतात. दगडातले फेल्डस्पार हे खनिज गुलाबीकडे झुकणारे. संध्याकाळच्या उन्हात अख्खा डोंगर तांबूस होतो. एका धोंड्याशेजारी मित्राला उभे केले की आकाराचा अंदाज येतो, नाहीतर फोटोत तो दहा फुटांचा की चाळीस फुटांचा हे कळत नाही. इमारतींसाठी हे खडक सुरुंगाने उडवले जात असताना १९९६ मध्ये ‘सोसायटी टु सेव्ह रॉक्स’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या खडकफेऱ्यांना सामान्य माणूसही जाऊ शकतो.

पक्षी टिपायचे असतील तर एखादी सकाळ अमीनपूर तलावासाठी राखून ठेवावी. २०१६ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. थंडीत रोहित, थापट्या, तलवार बदक दिसतात. लांब पल्ल्याचे भिंग लागते आणि त्याहून जास्त, एका जागी गप्प बसणारा सोबती.

सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. पुढची वीसेक मिनिटे आकाश गडद निळे असते आणि दिवे लागलेले असतात. जानेवारीत त्या वेळी नामपल्लीच्या मैदानावर ‘नुमाइश’ भरलेली असते. १९३८ मध्ये बाग-ए-आममध्ये सुरू झालेले आणि १९४६ पासून नामपल्लीत भरणारे हे औद्योगिक प्रदर्शन एरवी १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी चालते. हैदराबादेत जुन्या मित्राला ‘नुमाइशला भेटू’ म्हणायची पद्धत आहे. काश्मिरी शालींच्या गाळ्यांत पिवळे दिवे, बाहेर निळे आकाश. दोन्ही रंग एका चौकटीत तेवढीच वीस मिनिटे मिळतात. मोठा पाळणा फिरू लागला की शटर पाव सेकंद उघडे ठेवावे, म्हणजे दिव्यांच्या वक्र रेघा उमटतात. गर्दीत तिकाटणे मांडता येत नाही, हात तर थरथरतो. तेव्हा कोपर कठड्यावर टेकवायचे, श्वास रोखायचा, आणि मागून येणाऱ्या लोकांना मित्राने दोन क्षण बाजूने जायला सांगायचे.