रुग्णवाहिका येईपर्यंत

तालुक्याच्या कचेरींत आम्हीं तीस वर्षें कारकुनी केली. त्या अवधींत शेतकऱ्यांच्या अपघाती मृत्यूंचीं किती प्रकरणें आमच्या हातांखालून गेलीं, ह्याची गणती नाहीं. सर्पदंश, विहिरींत पडणें, वीजपंपाचा धक्का, मळणीयंत्रांत हात सांपडणें. प्रकरणासोबत सातबाऱ्याचा उतारा, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल असला, म्हणजे आमचें काम झालें. परंतु अपघाताची वेळ आणि रुग्णालयांत पोंचल्याची वेळ ह्या दोहोंमध्यें त्या मनुष्यास कोणीं काय केलें, हें त्या कागदांत कोठेंच नसे. त्या कोऱ्या जागेविषयीं चार शब्द लिहावे, असें सेवानिवृत्तीनंतर पुष्कळ दिवस मनांत होतें.

महाराष्ट्रांत सन २०१४ पासून १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतां येते. अशा गाड्यांवर काम करणाऱ्या तंत्रज्ञांना आरंभीं जें शिकवितात, तें समजण्यास वैद्यकीची पदवी लागत नाहीं. पहिला धडा तर औषधाचा नाहींच. ती जागा आपणांस सुरक्षित आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें, असा तो आहे.

हा धडा किती मोलाचा आहे, हें विहिरीवरून कळतें. गाळ काढण्यास एक गडी उतरतो व बेशुद्ध पडतो. त्याला काढण्यास भाऊ उतरतो, मग शेजारी. एका विहिरींतून तीन-तीन प्रेतें निघाल्याच्या वार्ता आपण वाचतों. जुन्या, बंद विहिरींत प्राणवायु कमी झालेला असतो. आंत डिझेलचें इंजिन चालविलें असेल, तर धुरांतील विषारी वायु सांचतो. कंदील खालीं सोडून पाहण्याची आपली जुनी रीत आहे, पण ती अर्धीच खरी. प्राणवायु फार कमी असेल तर ज्योत विझेल. इंजिनाचा विषारी वायु असेल तर ती खुशाल जळत राहील आणि मनुष्य मरेल. म्हणून कोणीं उतरूं नये. दोर सोडावा, हांक मारावी, अग्निशमन दलास कळवावें. विजेच्या धक्क्याचेंही तसेंच; आधीं मुख्य खटका बंद, मग मनुष्यास स्पर्श.

जागा निर्धोक झाली म्हणजे रुग्णाकडे वळावें. रक्ताची चिळकांडी उडत असेल तर ती आधीं थांबवावी. मग श्वासमार्ग मोकळा आहे काय, श्वास चालू आहे काय, नाडी लागते काय, हें ह्याच क्रमानें पाहावें. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटास १२ ते २० वेळां चालतो, नाडी ६० ते १०० असते. बेशुद्ध मनुष्य श्वास घेत असेल, तर त्यास कुशीवर वळवावें, म्हणजे ओकारी घशांत जात नाहीं. त्याच्या तोंडांत पाणी घालण्याचा आपला जो प्रघात आहे, तो प्राणघातक आहे. श्वास थांबला असेल, तर चार-सहा मिनिटांत मेंदूस इजा होऊं लागते. तेव्हां छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटास १०० ते १२० ह्या गतीनें, छाती सुमारें ५ सेंटिमीटर दबेल इतकें दाबीत राहावें. गाडी येईपर्यंत थांबूं नये.

आतां सर्पदंश. येथें आम्हांस आमचीच चूक सांगितली पाहिजे. सन १९९४ च्या पावसाळ्यांत आमच्या शेतावरील गड्यास घोणस डसली. आम्हीं स्वतः सुतळीनें त्याची पोटरी करकचून आवळली आणि त्यास एका मांत्रिकाकडे नेलें. तेथें प्रहरभर गेला. रुग्णालयांत प्राण वांचला, पण पाय गुडघ्याखालीं कापावा लागला. आजही तो भेटला म्हणजे "भाऊसाहेब, रामराम" म्हणतो. आमची मान वर होत नाहीं.

घोणस व फुरसें ह्यांचें विष रक्त आणि मांस बिघडवितें. आवळल्यानें तें एका जागीं कोंडून मांस अधिक सडतें. नाग व मण्यार ह्यांचें विष मज्जातंतूंवर चालतें, पापण्या मिटूं लागतात, श्वास मंदावतो. मण्यार तर रात्रीं भुईवर निजलेल्यास डसते आणि पुष्कळदां खूणही दिसत नाहीं. चारींवर उतारा एकच, घोड्यांच्या रक्तापासून केलेली प्रतिविष लस, आणि ती रुग्णालयांतच शिरेंतून द्यावयाची. तोंवर कापूं नये, चोखूं नये, आवळूं नये. अवयवास फळी लावून तो हलूं न देतां नेणें, एवढेंच आपलें काम.

मात्र कडबाकुट्टींत वा मळणीयंत्रांत हात तुटला असेल, तर नेमकें उलट करावयाचें! आधीं स्वच्छ कापडानें जखम जोरानें दाबावी. तरी रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटें वर, सांधा सोडून, रुंद पट्टी घट्ट आवळावी आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. सुतळी नको. तुटलेलें बोट ओल्या स्वच्छ फडक्यांत, मग पिशवींत, आणि ती पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फांत नव्हे.

फवारणीच्या विषाविषयीं फार लिहीत नाहीं. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत वीसांवर माणसें त्यानें दगावलीं, हें सर्वांस ठाऊक आहे. कपडे उतरवावे, अंग साबणानें धुवावें, ओकारी काढूं नये, आणि औषधाचा डबा सोबत न्यावा. डॉक्टरास त्यावरील नांव लागतें.

कित्येकांस पोलिसांची भीति वाटते. मोटार वाहन कायद्यांत सन २०१९ च्या दुरुस्तीनें कलम १३४-अ घातलें गेलें. रस्त्यावरील अपघातांत सद्भावनेनें मदत करणाऱ्यास त्यानें संरक्षण दिलें आहे.

तंत्रज्ञ आल्यावर सहा गोष्टी विचारतो: त्रास काय, कोणती वस्तु अंगास सोसत नाहीं, औषधें कोणतीं चालू, पूर्वीचा आजार कोणता, शेवटचें खाणें केव्हां, आणि घडलें कसें. आम्हां कारकुनांस हा सहा रकान्यांचा नमुनाच वाटतो. हा कागदावर भरून ठेवावा. दूरध्वनीवर मात्र प्रथम ठिकाण सांगावें, आणि तें "पाटलांच्या मळ्यांत" असें नव्हे. गांव, तालुका, कोणत्या फाट्यावरून वळावयाचें तें, आणि फाट्यावर एक मनुष्य बॅटरी घेऊन उभा करावा.