श्वानांतील ब्लास्टोमायकोसिस

श्वानांतील ब्लास्टोमायकोसिस हा ब्लास्टोमायसेस या वंशातील बुरशीमुळे कुत्र्यांना होणारा गंभीर आजार आहे. ही बुरशी ओलसर मातीत व कुजलेल्या लाकूडपाल्यात वाढते. तिचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे फुप्फुसांत शिरतात आणि तेथून रक्त व लसिकेद्वारे डोळे, त्वचा, हाडे, लसिका ग्रंथी, प्रजननसंस्था किंवा मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. हा आजार प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील ठरावीक नदीखोऱ्यांत व सरोवरांच्या परिसरात आढळतो. उपचार न झाल्यास तो बहुधा प्राणघातक ठरतो; मात्र वेळेवर निदान होऊन दीर्घकाळ औषधे दिल्यास बहुसंख्य कुत्री बरी होतात.

भारतीय वाचकांस परिचित असलेल्या गजकर्ण किंवा नायट्यासारख्या बुरशीजन्य त्वचारोगांहून हा आजार मूलतः भिन्न आहे. नायटा त्वचेच्या वरच्या थरापुरता मर्यादित असून स्पर्शाने पसरतो. ब्लास्टोमायकोसिस शरीराच्या आतील अवयवांना ग्रासतो, परंतु एका प्राण्यापासून दुसऱ्या प्राण्यास सहसा होत नाही. संसर्गाचा उगम आजारी प्राण्यात नसून भूमीत असतो. त्यामुळे कुत्रे बरे झाल्यावरही ते पुन्हा त्याच मातीच्या संपर्कात येईल ही भीती पाळणाऱ्यांच्या मनात दीर्घकाळ राहते.

कारक बुरशी

या आजारास मुख्यतः ब्लास्टोमायसेस डर्माटिटिडिस आणि ब्लास्टोमायसेस गिलख्रिस्टी या दोन जाती कारणीभूत असतात. यांपैकी दुसरी जात २०१३ मध्ये स्वतंत्र म्हणून वर्णिली गेली. तोवर दोन्हींची गणना एकाच जातीत होत असे.

ही बुरशी द्विरूपी आहे. मातीतील थंड वातावरणात ती तंतूंच्या रूपात वाढते व बीजाणू निर्माण करते. प्राण्याच्या शरीरातील उष्णतेत, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानास, तिचे रूपांतर जाड भिंतीच्या गोल किण्वपेशींत होते. या पेशींना रुंद बुडाची कळी फुटते व तिच्यापासून नवी पेशी बनते. सूक्ष्मदर्शकाखाली ही रुंद बुडाची कळी हीच या बुरशीची ओळख ठरते.

रूपांतराचा हा गुणधर्म व्यवहारातही महत्त्वाचा आहे. हवेत उडतात ते तंतुरूपातील बीजाणू. शरीरातील किण्वपेशी आकाराने मोठ्या असून त्या खोकल्यावाटे हवेत पसरून दुसऱ्यास बाधा करीत नाहीत. आजारी कुत्र्याशेजारी बसल्याने किंवा त्याला कुरवाळल्याने घरातील माणसांना वा इतर प्राण्यांना हा रोग जडत नाही, याचे कारण हेच होय.

इतिहास

बाल्टिमोर येथील त्वचारोगतज्ज्ञ थॉमस कॅस्पर गिलख्रिस्ट यांनी १८९४ मध्ये या रोगाचे पहिले वर्णन केले. आरंभी त्यांना हा एकपेशीय आदिजीवांमुळे होणारा विकार वाटला होता. पुढे १८९८ मध्ये त्यांनी विल्यम रॉयल स्टोक्स यांच्यासह बुरशी वेगळी करून तिला ब्लास्टोमायसेस डर्माटिटिडिस हे नाव दिले. कुत्र्यांतील या रोगाची नोंद १९१२ मध्ये झाली.

बुरशी निसर्गात नेमकी कोठे राहते हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित होता. १९८४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील ईगल रिव्हर या गावाजवळ निसर्गशिबिरास गेलेल्या शाळकरी मुलांच्या गटात या रोगाचा उद्रेक झाला. तपासलेल्या ९५ जणांपैकी ४८ जणांना बाधा झाल्याचे आढळले. ही मुले बीव्हर या प्राण्याने ओढ्यावर घातलेल्या लाकडांच्या बांधाजवळ खेळली होती. तेथील माती व कुजलेल्या लाकडातून संशोधकांना बुरशी वेगळी करता आली. या शोधामुळे पाणी, कुजणारे लाकूड आणि रोग यांचा संबंध स्पष्ट झाला.

आढळ

मिसिसिपी, ओहायो व सेंट लॉरेन्स या नद्यांची खोरी आणि अमेरिका-कॅनडा सीमेवरील महासरोवरांचा परिसर ही या रोगाची मुख्य क्षेत्रे आहेत. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, इलिनॉय, केंटकी, टेनेसी व लुइझियाना ही अमेरिकेतील राज्ये आणि ऑन्टॅरिओ व मॅनिटोबा हे कॅनडातील प्रांत यांत तो विशेष आढळतो. आफ्रिकेतही ब्लास्टोमायसेसमुळे होणारे संसर्ग नोंदले गेले आहेत. भारतात मानवी रुग्णांच्या तुरळक नोंदी असल्या, तरी येथील कुत्र्यांत हा नेहमी आढळणारा आजार नाही. उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरची कुत्री मात्र बाधित प्रदेशात या जोखमीपासून मुक्त नसतात.

या क्षेत्रांतही बुरशी सर्वत्र सारखी पसरलेली नसते. ओलसर, आम्लधर्मी, वाळूमिश्रित मातीचे, पालापाचोळा व कुजके लाकूड असलेले छोटे छोटे पट्टे तिला मानवतात. माती उकरली जाणे, बांधकाम व खोदकाम, पाऊस आणि पाण्याच्या पातळीतील चढउतार यांमुळे बीजाणू हवेत मिसळतात.

माणसापेक्षा कुत्र्यास या रोगाचा धोका बराच अधिक असतो. कुत्रे जमिनीलगत नाक ठेवून हुंगते, माती उकरते व झुडपांत शिरते. तरुण, मोठ्या चणीची आणि शिकारीसाठी वापरली जाणारी कुत्री अधिक प्रमाणात बाधित होतात. तथापि लहान चणीचे किंवा बहुतांश काळ घरात राहणारे कुत्रेही यास बळी पडू शकते. एखाद्या भागात कुत्र्यांत हा रोग दिसू लागला, तर तेथील माणसांनाही त्याच मातीपासून धोका असल्याची ती पूर्वसूचना मानली जाते.

लक्षणे

बीजाणू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा काही आठवडे ते तीन महिने जातात. भूक मंदावणे, वजन घटणे, ताप, मरगळ आणि खोकला ही सामान्य लक्षणे होत. बहुसंख्य रुग्णांत फुप्फुसे बाधित असतात. श्वास जलद होणे किंवा धाप लागणे हे तीव्रतेचे चिन्ह आहे. त्वचेवर न भरणाऱ्या, स्रवणाऱ्या जखमा किंवा गाठी दिसतात. हाडांत संसर्ग पोहोचल्यास कुत्रे लंगडते. डोळे लाल होणे, बुबुळ धूसर होणे व दृष्टी जाणे हेही वारंवार घडते. मेंदूस बाधा झाल्यास झटके येणे किंवा तोल जाणे अशी लक्षणे दिसतात.

यांतील बरीच लक्षणे जिवाणुजन्य न्यूमोनिया किंवा कर्करोगातही दिसतात. त्यामुळे आरंभी प्रतिजैविके दिली जाणे आणि त्यांत काही आठवडे निघून जाणे असामान्य नाही. प्रतिजैविकांनी गुण न आल्यास, कुत्र्याचे वास्तव्य किंवा प्रवास बाधित प्रदेशात झाला होता काय, ही माहिती पशुवैद्यास देणे निदानाच्या दृष्टीने मोलाचे ठरते.

निदान

त्वचेची जखम, लसिका ग्रंथी किंवा फुप्फुसातून घेतलेल्या नमुन्यात किण्वपेशी दिसणे हा सर्वांत खात्रीचा पुरावा होय. लघवी किंवा रक्तातील बुरशीचे प्रतिजन शोधणारी चाचणी सोयीची व संवेदनशील आहे. मात्र हिस्टोप्लाझ्मा या दुसऱ्या बुरशीमुळेही ती सकारात्मक येऊ शकते. छातीच्या क्ष-किरण चित्रात फुप्फुसभर विखुरलेले बारीक ठिपके दिसतात. त्यांची तुलना हिमवादळाशी केली जाते. प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहणे शक्य असले, तरी तेथे ती बीजाणू धारण करणाऱ्या तंतुरूपात येत असल्याने हे काम विशेष दक्षतेने करावे लागते.

उपचार

इट्राकोनॅझोल हे तोंडावाटे देण्याचे औषध उपचारात प्रामुख्याने वापरले जाते. त्याच्या कॅप्सूल अन्नाबरोबर दिल्यास शोषण चांगले होते. फ्लुकोनॅझोल हे तुलनेने स्वस्त असते, परंतु त्याने उपचारकाळ लांबू शकतो. अत्यवस्थ रुग्णांत अँफोटेरिसिन बी शिरेवाटे दिले जाते. त्याने मूत्रपिंडांस अपाय होण्याचा धोका असल्याने वरचेवर रक्ततपासणी करावी लागते. इट्राकोनॅझोल घेणाऱ्या कुत्र्यांत भूक जाणे, यकृतावर ताण येणे व क्वचित त्वचेवर व्रण होणे असे दुष्परिणाम संभवतात. औषधाची निवड, मात्रा व कालावधी पशुवैद्यानेच ठरवावयाचा असतो.

उपचाराचा पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. औषधाने बुरशी मरू लागली की तिच्या अवशेषांमुळे फुप्फुसांत दाह वाढतो आणि कुत्र्याची प्रकृती सुधारण्याऐवजी काही दिवस खालावू शकते. मृत्यूंपैकी बरेच या काळात होतात. हा टप्पा ओलांडलेल्या कुत्र्यांचे भवितव्य सामान्यतः चांगले असते. मेंदूची बाधा व फुप्फुसांची तीव्र बाधा ही प्रतिकूल चिन्हे होत. डोळ्यांतील संसर्ग औषधांस दाद देईलच असे नाही. वेदनादायी व दृष्टिहीन झालेला डोळा कधीकधी काढावा लागतो.

औषधे किमान दोन महिने आणि पुष्कळदा सहा महिने वा अधिक काळ चालतात. बाह्य लक्षणे नाहीशी झाल्यानंतरही ती सुरू ठेवावी लागतात. कुत्रे खेळू लागले म्हणून पाळणाऱ्याने औषध मध्येच बंद करणे घातक ठरू शकते.

पुनरुद्भव आणि पुनःसंसर्ग

बऱ्या झालेल्या कुत्र्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात आजार उलटतो. हे बहुधा औषध थांबविल्यानंतरच्या पहिल्या वर्षात घडते. येथे दोन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे. शरीरात दडून राहिलेली बुरशी पुन्हा वाढणे हा पुनरुद्भव होय. मातीतून नव्याने बीजाणू शरीरात जाणे हा पुनःसंसर्ग होय. उपचारानंतर काही महिन्यांत लक्षणे परतल्यास पुनरुद्भवाचीच शक्यता अधिक असते. त्यामुळे कुत्र्याला अमुक दिवशी तळ्याकाठी नेले म्हणून हे घडले, असा दोष पाळणाऱ्याने स्वतःस लावून घेणे बहुतांश वेळा अनाठायी असते.

आजारातून उठलेल्या कुत्र्यास आयुष्यभराचे संरक्षण मिळते असे मानले जात नाही. पुनःसंसर्ग शक्य आहे. यावर सर्वसाधारण वापरात असलेली लस नाही. अंगणातील माती तपासून घेण्याचाही फारसा उपयोग होत नाही, कारण बुरशी असलेल्या जागेतूनही ती हाती लागणे दुर्मीळ असते. नकारात्मक निष्कर्षावरून जागा निर्धोक आहे असे म्हणता येत नाही. संपूर्ण अंगणावर बुरशीनाशक फवारणे हाही सिद्ध झालेला उपाय नाही.

मग पाळणाऱ्याच्या हाती काय उरते? धोका शून्यावर आणता येत नाही, तो कमी करता येतो. त्यासाठी पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात:

- नदी, ओढा व तळ्याच्या काठी, तसेच कुजक्या लाकडांच्या आसपास कुत्र्यास माती उकरू न देणे. अशा जागी ते दोरीने बांधून जवळ ठेवणे.
- खोदकाम चालू असलेल्या जागा टाळणे.
- घराजवळील पालापाचोळ्याचे व कुजक्या लाकडाचे ढीग हलविणे; हे काम करताना कुत्र्यास घरात ठेवणे व स्वतः मास्क वापरणे.
- घराच्या किंवा ओसरीच्या खालच्या ओलसर पोकळीत कुत्र्यास शिरू न देणे.
- उपचार संपल्यावर पशुवैद्याने सांगितलेल्या अंतराने तपासण्या करणे. खोकला, लंगडणे, डोळा लाल होणे किंवा भूक मंदावणे दिसताच त्याच्याकडे जाणे.

मानवी आरोग्याशी संबंध

कुत्र्यापासून माणसास हा रोग सहसा होत नाही. आजारी कुत्र्याचा चावा, दूषित सुईची टोचणी किंवा शवविच्छेदनाच्या वेळी झालेली जखम यांतून बाधा झाल्याच्या मोजक्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. स्रवणाऱ्या जखमांवरील पट्ट्या शरीराबाहेर तशाच राहिल्यास त्यांवर बुरशी तंतुरूपात वाढू शकते. म्हणून त्या हातमोजे घालून हाताळाव्यात व त्वरित नष्ट कराव्यात. घरातील माणसास दीर्घकाळ खोकला व ताप राहिल्यास, कुत्र्याच्या आजाराची माहिती डॉक्टरांस अवश्य द्यावी. कारण दोघेही एकाच मातीच्या संपर्कात आलेले असू शकतात.

पाळणाऱ्यांवरील ताण

दीर्घ उपचार, मोठा खर्च, वेळच्या वेळी औषधे देण्याची जबाबदारी आणि आजार उलटण्याची चिंता यांचा भार पाळणाऱ्यांवर पडतो. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनेगल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घकाळ आजारी प्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्यांत निरोगी प्राणी पाळणाऱ्यांच्या तुलनेत ताण, चिंता व नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. हा अभ्यास एकट्या ब्लास्टोमायकोसिसविषयी नव्हता. तथापि महिनोन्महिने चालणाऱ्या या आजारासही त्याचे निष्कर्ष लागू पडण्यासारखे आहेत.

भीतीपोटी कुत्र्यास कायमचे घरात कोंडून ठेवणे हा उपाय ठरत नाही. व्यायाम, हुंगणे व फिरणे ही कुत्र्याची स्वाभाविक गरज आहे, आणि घरातच राहणाऱ्या कुत्र्यांनाही हा रोग झाल्याची उदाहरणे आहेत. फिरण्याच्या जागा विचारपूर्वक निवडणे, लक्षणांवर नजर ठेवणे आणि शंका येताच तपासणी करणे हा व्यवहार्य मार्ग मानला जातो. औषधे, वजन व भूक यांची नोंदवही ठेवल्यास पशुवैद्यास साहाय्य होते, आणि प्रत्येक खोकल्यात आजाराची चाहूल शोधणाऱ्या मनासही काही आधार मिळतो. उपचाराचा खर्च पेलण्याजोगा नसल्यास किंवा कुत्र्याच्या वेदना आटोक्यात येत नसल्यास दयामरणाचा विचार काहींना करावा लागतो. हा निर्णय पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलून, कुत्र्याच्या सुखदुःखाचा विचार करून घ्यावयाचा असतो. तो घेणाऱ्याने शुश्रूषेत कसूर केली, असा त्याचा अर्थ होत नाही.