वाङ्मयाची पदवी आणि परिचर्येचा मार्ग

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या थोरल्या भगिनीच्या घरीं एक लहानसा भूकंप झाला. तिची नात अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत वाढलेली, इंग्रजी वाङ्मय घेऊन बी. ए. झालेली, आणि तीन वर्षें एका प्रकाशनगृहांत बऱ्या वेतनावर असलेली. तिनें फोनवर आजीस सांगितलें कीं, "मीं नोकरी सोडली. आतां नर्स प्रॅक्टिशनर होणार." भगिनीनें फोन आमच्या हातीं दिला आणि ती देवघरांत जाऊन बसली. "लोकांचीं मलमूत्रें काढावयास का हिला एवढी शिकविली?" हा तिचा प्रश्न, आणि "विज्ञानाचा गंध नसतां हें जमणार कसें?" हा आमचा.

आमच्या प्रश्नामागें एक जुनी टोचणी होती. आम्ही स्वतः मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत काव्य-व्याकरण करून तीस वर्षें संस्कृत शिकविलें. १९९४ सालीं आमची एक हुषार विद्यार्थिनी, कलाशाखेची, परिचारिका होण्याविषयीं विचारावयास आली होती. "तूं शास्त्र घेतलें नाहींस, तो मार्ग तुझा नव्हे," असें आम्हीं तिला ठासून सांगितलें. चौकशी कांहींच केली नाहीं. पुढें एकदां बसस्थानकावर ती भेटली. पक्षाघात झालेल्या सासऱ्यांची चार वर्षें शुश्रूषा केल्याचें तिनें हंसत सांगितलें. आम्हांस मात्र हंसतां आलें नाहीं. म्हणून या खेपेस आधीं चौकशी आणि मग उपदेश, असा क्रम आम्हीं धरिला.

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे केवळ परिचारिका नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. १९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत लोरेटा फोर्ड या परिचारिकेनें आणि हेन्री सिल्व्हर या बालवैद्यानें हा शिक्षणक्रम प्रथम सुरू केला. खेड्यापाड्यांतील मुलांस डॉक्टर मिळेना, तेव्हां अनुभवी परिचारिकांस तपासणी व प्राथमिक उपचार शिकवावे, हा त्यांचा हेतु. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारींत वयाच्या १०४ व्या वर्षीं निवर्तल्या. आज ही परिचारिका रोगाचें निदान करते, तपासण्या सांगते, औषधें लिहून देते. अमेरिकेंतील सुमारें निम्म्या राज्यांत तिला यासाठीं डॉक्टरशीं करार करावा लागत नाहीं. उरलेल्यांत कमीअधिक बंधनें आहेत.

आतां वाङ्मयाच्या पदवीधरानें तेथें शिरावें कसें? द्वार आहे, आणि तें नवें नाहीं. येल विद्यापीठानें १९७४ सालींच परिचारिका नसलेल्या पदवीधरांसाठीं तीन वर्षांचा मार्ग काढला. पहिल्या वर्षीं परिचर्येचें मूळ शिक्षण, त्यानंतर परवान्याची सरकारमान्य परीक्षा, आणि मग दोन वर्षें विशेष शाखा: कुटुंबवैद्यक, बालरोग, वृद्धांची शुश्रूषा, प्रसूति, मनोविकार इत्यादि. दुसरा मार्ग असा कीं, बारा ते अठरा महिन्यांत परिचर्येची दुसरी पदवी घ्यावी, कांहीं काळ रुग्णालयांत नोकरी करावी, आणि मग पुढच्या शिक्षणास जावें.

परंतु द्वारापाशीं उंबरठा आहे. बहुतेक विद्यालयें प्रवेशापूर्वीं शरीररचनाशास्त्र, इंद्रियविज्ञान, सूक्ष्मजंतुशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र असे विषय मागतात. कोठें आहारशास्त्र व मानवी वाढीचें शास्त्रही. प्रत्येकाची यादी निराळी. कित्येक ठिकाणीं हे विषय पांच-सात वर्षांपलीकडचे जुने चालत नाहींत, आणि प्रयोगशाळेचे तास हटकून लागतात. विषय तेवढे करण्यासाठीं पुन्हां मोठ्या विद्यापीठांत पैसे ओतण्याचें कारण नाहीं. तिकडे गांवोगांव कम्युनिटी कॉलेजें आहेत. तेथें कमी शुल्कांत संध्याकाळचे वर्ग चालतात. आमच्या नातीनें तेंच केलें. मुलीच्या बापाचें म्हणणें, "एकदम प्रवेशअर्ज करून टाक." बाप इंजिनियर आहे, त्याला सर्व यंत्रें एकदम चालू करण्याची संवय. आम्हीं सांगितलें, आधीं एक शास्त्र आणि एक रुग्ण यांना स्पर्श करून पाहा.

रुग्णाचा स्पर्श तिनें असा मिळविला. अमेरिकेंत नर्सिंग असिस्टंट या कामासाठीं केंद्रीय कायद्यानें किमान ७५ तासांचें शिक्षण लागतें. तेवढें करून ती शनिवार-रविवार एका वृद्धाश्रमांत जाऊं लागली. अंथरुणांतल्या माणसास कुशीवर वळविणें, स्नान घालणें, भरविणें, आणि होय, मलमूत्रही. पहिल्या रविवारीं ती घरीं येऊन रडली. दुसऱ्या रविवारीं पुन्हां गेली. हें कळल्यावर आमची भगिनी देवघरांतून बाहेर आली नाहीं, पण दार उघडें राहूं लागलें.

तिच्याशीं वाद घालण्यास आम्हीं चरकास बोलाविलें. चिकित्सेचे चार पाय त्यानें सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं स्नेह आणि शुचिता असावी, असें तो म्हणतो. "शुचिता म्हणजे सोंवळें ना?" असें भगिनीनें लगेच विचारलें. आम्हीं सेवासदनाची आठवण दिली. १९०९ सालीं रमाबाई रानड्यांनीं पुण्यास तें काढिलें, आणि पुढें ससून रुग्णालयांत आपल्याच घरांतील विधवा व सधवा परिचर्या शिकावयास धाडल्या. त्यांतल्या कितींस रसायनशास्त्र ठाऊक होतें?

नातीचा आणि आमचा व्यवहार निराळा. हाडांचीं लॅटिन-ग्रीक नांवें पाठ होईनात, म्हणून तिनें पाठांतराची युक्ति विचारली. आम्हीं धातु व उपसर्ग शोधून शब्द फोडण्यास शिकविलें, जसें समासाचा विग्रह करावा तसें. वाङ्मयाचा विद्यार्थी येथें उणा पडत नाहीं. सुश्रुतानें हाडें ३०० मोजलीं, चरकानें ३६०, आणि आजचे ग्रंथ प्रौढ माणसाचीं २०६ मानतात, हें ऐकून ती म्हणाली, "आजोबा, बरें झालें मी आत्तां शिकतें आहें!"

एक आक्षेप मात्र आम्हांस खरा वाटतो. या मार्गानें, विशेषतः तीन वर्षांच्या मार्गानें, परिचारिका म्हणून खाटेशेजारीं फारसें काम न करतांच औषध लिहिण्याचा अधिकार हातीं येतो, अशी कित्येक अनुभवी परिचारिकांची व डॉक्टरांची तक्रार आहे. २०२२ च्या नव्या नियमावलीनें प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास किमान ७५० केले, पूर्वीं ते ५०० होते. तरी ७५० तास म्हणजे आठवड्यास ४० धरल्यास पुरते पांच महिनेही नव्हेत. म्हणून आमचा कौल दुसऱ्या मार्गास, मधें दोनेक वर्षें वॉर्डांत काढण्यास. नात म्हणते, कर्ज दोनदां वाढेल. तिचा हिशेब चूक नाहीं. संक्षिप्त अभ्यासक्रमाच्या वर्षांत नोकरी करूं नये असेंच विद्यालयें बजावतात, आणि खासगी विद्यापीठांचें शुल्क डोळे फिरविणारें असतें.

आपल्या इकडे असें आडवें द्वार नाहीं. बी. एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागतें. अतिदक्षता विभागासाठीं नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेनें आंखला आहे, पण तो आधींच परिचारिका असलेल्यांसाठीं. मात्र जी. एन. एम. या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास इंग्रजीसह बारावी उत्तीर्ण कलाशाखेची मुलगीही जाऊं शकते. ज्या घरीं अशी मुलगी असेल त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें; आम्हीं ठेविलें नव्हतें.

वैशाखांत निकाल लागला. शरीररचनाशास्त्रांत "ए" आणि रसायनांत "सी". त्या "सी" वर कित्येक विद्यालयें अर्ज पुढें सरकवीत नाहींत. बापानें फोन केला, "आतां पुरे." आम्हीं कांहीं बोलण्यापूर्वींच भगिनीनें फोन घेतला आणि म्हणाली, "ती मॅट्रिकला गणितांत नापास झालेली आजी अजून जिवंत आहे, तिला विचार." उन्हाळ्यांत तिनें रसायन पुन्हां केलें, आणि "बी प्लस" मिळविला. आतां सूक्ष्मजंतुशास्त्र चालू आहे. चार विद्यालयांस अर्ज गेले आहेत, दोन एका मार्गाचे आणि दोन दुसऱ्या. उत्तरें फाल्गुनांत येतील.