चार तास की पाच आठवडे?

१ सप्टेंबर हा ब्रिटनमधल्या मोटार विक्रेत्यांचा मोठा दिवस. त्या दिवसापासून नव्या नंबरप्लेटा लागू होतात आणि नवी गाडी घ्यायला लोक थांबलेले असतात. २०२५ साली नेमक्या याच सुमारास टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरच्या संगणकांत कोणीतरी शिरल्याचं लक्षात आलं. नुकसान पसरू नये म्हणून कंपनीने आपली यंत्रणा स्वतःच बंद केली. सॉलिहल, हेलवुड, वुल्व्हरहॅम्प्टनचे कारखाने थांबले. ते टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला ८ ऑक्टोबर उजाडला. सायबर मॉनिटरिंग सेंटर या ब्रिटिश संस्थेच्या अंदाजाप्रमाणे देशाला सुमारे १.९ अब्ज पौंडांचा फटका बसला आणि पाच हजारांहून अधिक संस्थांना झळ पोचली. मिडलंड्समधल्या छोट्या पुरवठादारांवर कामगारांना घरी बसवायची वेळ आली.

कामगार होते, इमारती होत्या, गिऱ्हाइकंही होती. मग अडलं कुठे? सप्टेंबरच्या अखेरीस कंपनीने आधी काय सुरू केलं ते पाहिलं की उत्तर मिळतं : पुरवठादारांची बिलं चुकती करणं, सुटे भाग रवाना करणं आणि गाड्यांची नोंदणी.

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी ‘सॅप’मध्ये किंवा ‘ओरॅकल’मध्ये आहे. भारतातून आलेले आजी-आजोबा विचारतात, ‘म्हणजे नक्की करतोस काय रे?’ त्यांना सांगावं, लग्नघरातली कोठी आठवा. तांदूळ किती उरला, आचाऱ्याला किती दिला, वाण्याचं देणं किती, हे सगळं कोठी सांभाळणाऱ्या मावशींना ठाऊक. मावशी तासभर दिसेनाशा झाल्या की मांडवात गोंधळ. मोठ्या कंपनीची ही कोठी म्हणजे हे सॉफ्टवेअर. खरेदी, साठा, पगार, बिलं, सगळं एकाच ठिकाणी.

या कोठीची राखण अवघड होते ती ती सतत उघडी असते म्हणून. सॅप ही कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. त्या बसवायला यंत्रणा काही तास थांबवावी लागते, आधी चाचणी घ्यावी लागते. मग सुरू होतं : ‘आत्ता महिनाअखेर आहे.’ ‘आता ऑडिट आहे.’ ‘ख्रिसमसची विक्री होऊन जाऊ दे.’ प्रत्येक कारण खरं असतं, आणि दुरुस्ती पुढे ढकलली जाते.

चोर मात्र थांबत नाही. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं हेही जगाला कळतं. जुलै २०२० मध्ये सॅपमध्ये अशी एक त्रुटी निघाली, की तिला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले. पासवर्ड नसलेल्या माणसालाही तिच्यातून सर्वाधिकार मिळवता येत होते. दुरुस्ती बाहेर पडल्यावर ७२ तासांच्या आतसुद्धा हल्ले सुरू होऊ शकतात, असं सॅप आणि ओनॅप्सिस यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितलं. तीन दिवस विरुद्ध ‘पुढच्या तिमाहीत बघू’, अशी ही शर्यत आहे.

सगळे चोर भिंत फोडून येतात असंही नाही. मार्क्स अँड स्पेन्सरवर २०२५ च्या ईस्टरमध्ये हल्ला झाला, तेव्हा एका बाहेरच्या कंपनीमार्फत, दुसऱ्याच माणसाचं सोंग घेऊन आत शिरकाव झाल्याचं कंपनीच्या अध्यक्षांनी संसदीय समितीपुढे सांगितलं. ऑनलाइन विक्री जवळजवळ सात आठवडे बंद राहिली. म्हणून ‘मी साहेब बोलतोय, पासवर्ड बदलून दे’ असा फोन आला, की फोन ठेवून, नोंदीतल्या नंबरावर आपण उलट फोन करायचा. साहेब रागावले तरी चालतील.

सुटीचा मुहूर्त चोरांना आवडतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला सुरू झाला तो शनिवारी, ११ ऑगस्ट २०१८ रोजी. एटीएमला ‘पैसे दे’ असा होकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली. सोमवारपर्यंत सुमारे ९४ कोटी रुपये गेले होते.

आणि सगळं बुडालं तर? २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका कर-सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. जहाजवाहतुकीतली मर्स्क ही बलाढ्य कंपनी कोलमडली. आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही अडकलं. तो ज्या वाटांनी पसरला त्यातल्या एका वाटेवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. कोणाला कुठला अधिकार आहे याची नोंद ठेवणाऱ्या मर्स्कच्या संगणकांच्या अनेक प्रती होत्या, पण त्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे एकदमच पुसल्या गेल्या. वाचली फक्त घानामधली एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती! त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले.

घानाचं नशीब सगळ्यांना लाभत नाही. म्हणून एक प्रत मुद्दाम जाळ्याबाहेर ठेवायची, आणि तिच्यावरून यंत्रणा खरंच उभी राहते का, याची वर्षातून निदान एकदा तालीम करायची. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी बंद करायची. देयकं तयार करणारा आणि ती मंजूर करणारा, असे दोन अधिकार एकाच माणसाकडे ठेवायचे नाहीत. आणि दुरुस्तीसाठी दर महिन्याला चार तास वर्षाच्या कॅलेंडरात आधीच राखून ठेवायचे. विक्रीखात्याने कितीही गळ घातली तरी ते हलवायचे नाहीत.

या कामात दिसण्यासारखं काही नसतं. ते नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी शाबासकी देत नाही. मंडळींनो, आपल्यापैकी जे आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत, ज्यांच्या सहीने हे चार तास मिळतात किंवा पुढे ढकलले जातात, त्यांनी एवढं जरूर करावं. उद्या कचेरीत गेल्यावर विचारावं, आपल्या यंत्रणेवर शेवटची दुरुस्ती कधी बसली, आणि प्रतीवरून ती उभी करून पाहिली त्याला किती दिवस झाले?

उत्तरात तारीख मिळाली तर ठीक. ‘बघून सांगतो’ असं उत्तर आलं, तर ते चार तास याच महिन्यात द्यावेत.