एका भाकरीचं वजन

"भाकरीनं साखर वाढत नाही." गेल्या अकरा वर्षांत हे वाक्य मी किमान दोनशे जणांच्या तोंडून ऐकलं असेल. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला बसलेल्या मंडळींकडून. पहिली चार वर्षं तर मीच ते इतरांना ऐकवत होतो. मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला. आमच्याकडे माणसं एक वेळ विठोबाशी भांडतील, पण ज्वारीबद्दल वावगं ऐकून घेणार नाहीत.

मधुमेह निघाला त्या दिवसापासून घरातली माझी पोळी बंद झाली आणि भाकरी सुरू झाली. तरी एचबीएवनसी आठाच्या खाली येईना. डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात काय असतं?" मी छाती काढून सांगितलं, "फक्त ज्वारीची भाकरी." "किती?" "दोनच." "केवढी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. परतीच्या वाटेवर रविवार पेठेतून स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेतला. बायकोनं एकदा काट्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "आता एवढंच राहिलं होतं," म्हणाली, पण परातीत घ्यायच्या आधी पीठ काट्यावर ठेवू दिलं. एका भाकरीचं पीठ भरलं 95 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी पोळीची कोरडी कणीक मोजली, ती 32 ग्रॅम.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. मला ते कादंबरीपेक्षा रंजक वाटतात, त्याला इलाज नाही. त्यात 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं दिली आहेत, गव्हाच्या पिठात 64 आणि बाजरीत 62. तंतू ज्वारीत 10 ग्रॅम, गव्हाच्या पिठात 11. म्हणजे ज्या पोळीला मी घराबाहेर काढलं होतं, ती या दोन्ही बाबतींत भाकरीपेक्षा तसूभर सरसच होती. पांढऱ्या तांदळापेक्षा मात्र दोघी बऱ्या, कारण तिथे कर्बोदकं 78 आणि तंतू जेमतेम 3. मग माझ्या ताटाचा हिशेब मांडला. एका भाकरीत 64 ग्रॅम कर्बोदकं, एका पोळीत 20. "दोनच भाकऱ्या" म्हणजे सहा पोळ्या! सहा पोळ्या खातो असं डॉक्टरांना सांगताना माझी जीभ अडखळली असती. भाकरीच्या बाबतीत ती अडखळत नव्हती.

त्या दिवसापासून वही घातली. जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी बोटाला टोचायचं आणि आकडा लिहायचा, शेजारी ताटात काय होतं ते. आज अशा तीन वह्या आहेत.

भाकरीचं पीठ हीही एक गंमतच असते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नाही. म्हणून पीठ ताजं हवं. जुनं झालं की त्याची विरी जाते आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. मग आमच्या आया काय करायच्या, तर आधणाचं कढत पाणी घालून पीठ मळायच्या. त्या उष्णतेनं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी हातावर वळते. पण जो स्टार्च फुगला तो पोटातही लवकर पचतो. तेच अख्खं दाणेदार धान्य पचायला वेळ घेतं. माझ्या वहीत ज्वारीच्या घुगऱ्यांचे आकडे भाकरीपेक्षा नेहमी खाली आहेत, आणि ज्या लाह्यांना मी हलकं खाणं म्हणून डबाभर आणून ठेवत असे त्यांचे वर. आमची सोलापुरी कडक भाकरी पातळ, कुरकुरीत आणि प्रवासात आठवडा आठवडा टिकणारी. एकीचं वजन फार नाही, पण शेंगाचटणी आणि दही समोर असताना एकीवर थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी तर नाहीच नाही.

नेहमीची माहिती आता उरकून घेतो. उपाशीपोटी साखर 126 किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी 6.5 किंवा जास्त असेल तर मधुमेह. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठा. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून एचबीएवनसी गेल्या दोन-तीन महिन्यांची चहाडी करतं. तपासणीच्या आदल्या दिवशी सोवळं पाळून उपयोग नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत, आणि सगळ्यात वरचं प्रमाण गोव्यात, 26.4 टक्के. ब्रिटनमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पहिल्या सहा वर्षांतल्या मधुमेहींना काही महिने जेमतेम साडेआठशे कॅलरींवर ठेवून वजन उतरवलं. वर्षअखेरीस त्यातल्या 46 टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. पण हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड या विषयावर मी घरातल्यांशी पुरेसा भांडलो आहे, इथे नको.

पण पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'मी तर काटकुळा, मला कसा मधुमेह?' हा माझा पहिला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडलं. 1993 पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गर्भवतींचा आहार नोंदवला आणि जन्मलेली बाळं मोजली. सरासरी वजन 2.7 किलो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. वजन कमी, हातपाय बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानं कमी नव्हती. थोडक्यात, बाळ बारीक पण आतून चरबीचं. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत, त्यांची बाळं अंगानं मोठी होती. पुढे 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं तंतोतंत सारखं, बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्यात 21.2. तो फोटो छापून घेऊन मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. 'तुला काय धाड भरली आहे, खा की बिनधास्त' म्हणणाऱ्या पाहुण्यांना कपाट उघडून दाखवतो.

वहीकडे परत येतो. एका भाकरीवर आल्यावर आकडे खाली आले, पण डोळ्यांत भरण्याजोगा फरक पडला तो क्रमानं. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमधल्या डॉ. अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी 2015 साली अवघ्या 11 रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. तेच जेवण, पण भाजी आणि प्रथिनं आधी, पाव पंधरा मिनिटांनी. साखरेचा चढ बराच बसका झाला. मी तोच प्रयोग पिठल्यावर आणि मटकीच्या उसळीवर केला. आधी काकडीची कोशिंबीर, मग वाटीभर उसळ, शेवटी भाकरी. एरवी 200च्या आसपास घुटमळणारा आकडा 160-165वर आला. नुसती उसळ खाताना पहिले काही दिवस आपण कुणाच्या तरी शेतावर चोरून खातोय असं वाटतं, इतकंच.

दुसरी गोष्ट शतपावली. शंभर पावलं मोजून टाकली तर दीड मिनिटात संपतात, त्यानं काय होणार? जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात 2013 साली उतारवयातल्या माणसांना प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालवून पाहिलं, तेव्हा दिवसभराची साखर उतरली. चालताना पोटरीचे आणि मांडीचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतात. त्यामुळे आमच्या सोसायटीत रात्री साडेनऊला पार्किंगला फेऱ्या घालणारा माणूस दिसला तर वॉचमन आता विचारत नाही.

उपवासाचं मात्र माझ्या वहीत लाजिरवाणं पान आहे. आषाढी एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ, संध्याकाळी रताळ्याचा कीस. आकडा 268, त्या वर्षातला सगळ्यात मोठा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याला तंतू नाहीत की प्रथिनं नाहीत. त्याची खुन्नस म्हणून कार्तिकीला कडकडीत उपवास धरला, आणि सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र सवयीनं घेतली. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. अकरा वाजता हात कापायला लागले, शर्ट घामानं ओला झाला, आणि बायकोचं नाव घ्यायला गेलो तर बहिणीचं आलं. आकडा 54. पाण्यात तीन चमचे साखर घालून प्यायलो तेव्हा पंधरा मिनिटांनी माणसात आलो. तेव्हापासून खिशात साखरेची पुडी असते, आणि जेवणाची वेळ बदलायची तर आधी डॉक्टरांना फोन.

गेल्या माघात मंगळवेढ्याला मावशीकडे गेलो होतो. तिथली काळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीचा शाळू येतो. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांना मोकळं केलं ते याच गावात, त्यामुळे धान्य मोजून खाणारा भाचा तिथे शोभणं कठीणच. मी पिशवीतून काटा काढला तशी मावशी चुलीपुढून उठली.

"आरं, शाळू हाय त्यो. शाळवानं कुठं साखर वाढती व्हय?"

मी 50 ग्रॅम पीठ मोजून दिलं. तिनं ते तळहातावर घेऊन बघितलं. "ह्याची भाकरी? कावळ्याला घास ठेवतेत त्येवढं हाय हे." पण थापली. बशीएवढी. ती तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, मग निखाऱ्यावर उभी धरली. पापुद्रा टम्म सुटला. आधी घेवड्याची उसळ खाल्ली, मग ती भाकरी, आणि मग शिवारातून एक चक्कर मारून आलो. दोन तासांनी बोट टोचलं तर 148. मावशी वाकून बघत होती. तिनं आपला हात पुढे केला, वयाची ऐंशी वर्षं काम केलेला, सुई आत जाईना असा. "माजं बग." ती पहाटेपासून तीन भाकऱ्या खाऊन दोनदा रानात जाऊन आली होती. यंत्रावर 118 आलं.

"म्हंजी किती भाकरी?" तिनं विचारलं.