वहीतली बाकी

नवतपा सरला होता, पण ऊन काही उतरलं नव्हतं. नागपूरच्या म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वरकडे वळले तेव्हा माझ्या पर्समध्ये न्यायालयाचं पत्र होतं. मुलगा एकोणीस वर्षांचा, चोरीचा गुन्हा कबूल केलेला. शिक्षा सुनावण्याआधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल हवा. ही 2014 ची गोष्ट. मी तेव्हा त्याच नोकरीत होते.

नव्या लेआउटमधल्या अर्ध्या बांधलेल्या घरातून त्यानं तांब्याच्या वायरची बंडलं नेली होती. किंमत 6,800 रुपये. पोलिसांच्या कागदात एवढंच होतं, आणि ते खरंही होतं.

घर म्हणजे टिनाच्या छपराखालची भाड्याची एक खोली. वडील मिस्त्री, परांचीवरून पडल्यापासून घरीच. आई लोकांकडे पोळ्या करायला जायची. "मॅडम, पोट्टा वाया गेला नाही जी, एक डाव चुकला," ती म्हणाली. हे वाक्य मला घरोघरी ऐकायला मिळायचं, आणि त्याच्या भरवशावर अहवाल लिहिता येत नाही. म्हणून घरमालकाला विचारलं, किराणावाल्याला विचारलं, तो ज्या इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली होता त्यालाही गाठलं. निघता निघता आईनं टीव्हीमागून त्याची एक वही काढली. शाळेची जुनी वही, पेन्सिलीनं आखलेले रकाने: तारीख, साइट, पूर्ण दिवस की अर्धा, उचल, बाकी. मागच्या चार महिन्यांत उचलीचा रकाना कोरा आणि बाकीचा आकडा फुगत गेलेला. ठेकेदारानं मजुरी दिलीच नव्हती. मुलानं वायर उचलली ती मात्र तिसऱ्याच माणसाची, ज्याचा यात काही दोष नव्हता.

मी अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या. वहीमुळे चोरी धुतली जात नाही. पण या मुलाला तुरुंगात पाठवून काय साधेल, याचं उत्तर न्यायाधीशांना त्या वहीत सापडण्यासारखं होतं.

कायदा याच कामासाठी आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम 1958 चा आहे, पण आमच्या भागाला ही कल्पना त्याहून जुनी: मध्य प्रांत व वऱ्हाडानं 1936 मध्येच आपला प्रोबेशनचा कायदा केला होता, आणि तेव्हा राजधानी नागपूर होती. 1958 च्या कायद्यानुसार न्यायालय दोषी माणसाला समज देऊन सोडू शकतं, किंवा चांगल्या वर्तणुकीचा जास्तीत जास्त तीन वर्षांचा बॉन्ड घेऊन परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं. नुकसानभरपाईही द्यायला लावू शकतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हा बॉन्ड नाही. कलम 6 तर एकवीस वर्षांखालच्यांसाठी खास आहे. जन्मठेप होऊ शकेल असे गुन्हे सोडले, तर अशा मुलाला कैद द्यायची असल्यास न्यायालयाला आधी अहवाल मागवावा लागतो आणि कारणं लेखी नोंदवावी लागतात. कलम 12 मुळे दोषी ठरल्यानं येणारी अपात्रताही लागू होत नाही. नोकरीच्या अर्जापुढे थबकलेला मुलगा ज्यांनी पाहिलाय, त्यांना या कलमाची किंमत कळेल.

लोक मात्र याला "सोडून दिलं" म्हणतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. दर महिन्याला हजेरी, पत्ता बदलला तर कळवायचं, अधिकारी कधीही दारात उभा; अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा डोक्यावर आहेच.

1841 मध्ये बोस्टनच्या जॉन ऑगस्टस नावाच्या चांभारानं एका दारुड्याला न्यायालयातून आपल्या जबाबदारीवर घरी नेलं. प्रोबेशनची सुरुवात तिथून सांगतात. इंग्लंडनं 1907 मध्ये कायदा केला, 1972 मध्ये समाजसेवेची शिक्षा आणली. युरोप परिषदेनं 2010 मध्ये प्रोबेशनचे नियम ठरवले आणि पहिल्याच तत्त्वात गुन्हेगाराशी चांगलं नातं जोडण्याला स्थान दिलं. देखरेख, मार्गदर्शन आणि मदत त्या नात्यातूनच करायची. पण तिथलं एक दुखणंही आपण पाहावं. 1990 नंतरच्या वीस वर्षांत अनेक युरोपीय देशांत अशा शिक्षा वाढल्या, तरी तुरुंग रिकामे झाले नाहीत. ज्यांना एरवी दंडावर सोडलं असतं, तेही देखरेखीखाली आले. म्हणून प्रोबेशन द्यायचं ते तुरुंगाच्या दाराशी उभ्या असलेल्याला.

आपल्याकडे अडचण निराळी आहे. 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन. प्रोबेशन दोषी ठरल्यानंतरचं. ते या गर्दीवरचं औषध नव्हे. तरी दोन्हींचा संबंध आहे. जामीनदार नसलेला मुलगा काही महिने आत राहतो, मग गुन्हा कबूल करतो आणि "आजवर भोगली तेवढी शिक्षा" असा निकाल होतो. फाइल बंद. सगळे सुटल्यासारखे होतात. पण त्याच्या घरी कोणी गेलेलं नसतं, आणि दोषाचा शिक्का मात्र कायम राहतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली. पहिल्यांदाच केलेली, पाच हजारांच्या आतली चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तीच शिक्षा होते. मला आनंद झाला. पण काम कुठे द्यायचं, हजेरी कोण घेणार, मुलगा आला नाही तर त्याच्या घरी कोण जाणार? हे काम पायांनी करायचं आहे. हुडकेश्वरचा मुलगा तर 6,800 मुळे त्या चौकटीत बसलाही नसता. त्याला 1958 चा कायदाच हवा होता.

त्याला दोन वर्षांचा बॉन्ड मिळाला, आणि वायरच्या मालकाला पैसे हप्त्यांनी द्यायचे ठरले. पहिले काही महिने तो वेळेवर आला, मग दोनदा आलाच नाही. मी घरी गेले. बुटीबोरीच्या एका कारखान्यात तो लागला होता. सोमवारी माझ्याकडे यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडायची. चूक माझी होती, मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून आम्ही रविवारी संध्याकाळी त्याच्या दारातच भेटू लागलो.

शेवटच्या भेटीत त्यानं तीच वही पुढे केली. ठेकेदाराच्या हिशोबाखाली रेघ मारून त्यानं हप्ते लिहिले होते, प्रत्येकापुढे वायरच्या मालकाची सही. अखेरच्या ओळीत बाकी शून्य. रेघेच्या वरची बाकी तशीच होती.