फ्लॅक्समन बेट : हिमाच्या आधाराने उभी असलेली भूमी

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यालगत, ब्यूफर्ट समुद्रात, सखल व चिंचोळ्या बेटांची एक माळ पसरलेली आहे. फ्लॅक्समन हे त्यांतीलच एक बेट. १८२६ साली जॉन फ्रँकलिन या इंग्रज नाविकाने एका शिल्पकाराचे नाव त्यास दिले. पूर्वी येथे इन्युपियाक कुटुंबे राहत; आज मात्र वस्ती नाही, आणि वृक्ष तर नाहीच.

अशा बेटांस रोधक बेटे म्हणतात. खुल्या समुद्राच्या लाटा ती स्वतःच्या अंगावर घेतात. त्यामुळे त्यांच्या मागे उथळ, शांत खाजण निर्माण होते. अल्पकालीन उन्हाळ्यात नद्यांचे गोडे पाणी त्यात मिसळते आणि मासे व बदके यांना तेथे आश्रय मिळतो.

उष्ण प्रदेशातील अशी बेटे बहुधा निव्वळ वाळूची असतात. फ्लॅक्समनचा गाभा मात्र मुख्य भूमीपासून तुटलेल्या मैदानाचा अवशेष असून ती माती बारमाही गोठलेली असते. कडक थंडीने जमिनीस भेगा पडतात, वसंतात वितळलेले पाणी त्यांत शिरते व गोठते. वर्षानुवर्षे हा क्रम चालून भूमीत बर्फाच्या प्रचंड पाचरी तयार होतात. हे रहस्य अर्नेस्ट लेफिंगवेल या अमेरिकन भूवैज्ञानिकाने याच परिसरात अभ्यासिले. १९०६ साली तो येथे आला. मोहिमेचे जहाज हिमाने निकामी केले, तेव्हा त्याच्याच लाकडांतून बेटावर झोपडी उभी राहिली. १९१४ पर्यंतच्या काळात त्याने किनाऱ्याचे नकाशे तयार केले. ते कार्य १९१९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. १९७८ साली या तळास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा लाभला.

ज्या हिमाने जहाज मोडले, तेच हिम बेटाचे रक्षणही करीत आले आहे. वर्षातील बहुतेक महिने गोठलेला समुद्र लाटा उठूच देत नाही. आता समुद्र अधिक काळ मोकळा राहतो. वाऱ्यास विस्तीर्ण पाणी मिळते व लाटा बळावतात. उबदार पाणी कड्याचा पायथा पोखरते आणि हिमपाचरींच्या रेषेवर भूमीचे ठोकळे कोसळतात. ज्या कड्यांच्या आडोशाला साचलेल्या बर्फात पांढऱ्या अस्वलाच्या माद्या पिलांसाठी गुहा करतात, ते कडेच मागे हटत आहेत.

येथे हिम हे केवळ भूमीवरचे आवरण नव्हे. तेच तिचा पाया आहे आणि तेच तिचा तटही. ते ओसरले, तर बेटामागचे शांत खाजणही उघडे पडेल.